दारातून परतलेला टँकर

“तुम्ही घरी नव्हता,” सईनं हातांनी सांगितलं. तिच्या अप्पांना, केशवरावांना, जन्मापासून ऐकू येत नाही. बापलेकीचं बोलणं, भांडण, लाड, सगळं हातांनीच.

घरीच होतो, असं त्यांचे हात पुन्हा म्हणाले. फोनचंही काहीतरी ते सांगू पाहत होते, पण सईचा धीर सुटला होता. गारखेड्यापलीकडच्या या नव्या वसाहतीत घरं आली, नळ काही आला नाही. दुष्काळात सगळी मदार टँकरवर, आणि टँकर मागवायचं अ‍ॅप तर सईनंच बनवलेलं. दिवाळीत ती पुण्याला नोकरीला गेली, तेव्हापासून अप्पांच्या नावापुढं एकच शेरा येत होता: घरी कोणी नाही. टँकर मागवायचा आणि भटकत बसायचं? वय झालं, विसरायला लागले, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. त्यासाठीच ती आली होती: उद्या सामान बांधायचं आणि त्यांना पुण्याला न्यायचं. अप्पांना हे घर सोडायचं नव्हतं. पण कोरड्या ड्रमापुढं त्यांचं काही चालेना.

शेजारच्या वच्छलाबाई पाण्याचा हंडा घेऊन आल्या. सईचं ऐकून त्या चकितच झाल्या. “कुठं जातेत गं ते? टँकर आला की गॅलरीतच उभे असतेत. लई हात करतेत. पर डायवर म्हनतो, फोन उचलला नाय तर पानी नाय.”

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. खाली टँकर येऊन उभा होता. तिचा हात आपोआप पुढं गेला. लहानपणापासून अप्पांचा प्रत्येक फोन तीच उचलायची. अ‍ॅपचा फोनही तसाच: उचलायचा, ‘घरी असाल तर एक दाबा’ हे ऐकायचं, एक दाबायचं; नाही दाबलं तर शेरा पडायचा. अ‍ॅपची पहिली चाचणी तिनं याच घरात, याच फोनवर घेतली होती. झकास चाललं होतं.

केशवरावांनी फोनवर तळवा ठेवला.

“अप्पा, उचलू द्या. टँकर जाईल,” तिचे हात घाईनं म्हणाले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. फोन त्यांच्या तळव्याखाली थरथरत राहिला आणि थांबला. खाली टँकर वळला. सईला शरमेनं मान वर करवेना.

अप्पांनी तिची हनुवटी उचलली, तिला आपल्याकडं बघायला लावलं आणि सावकाश सांगितलं, “मी घरीच होतो. तू नव्हतीस.”