पदराच्या गाठी

"हातपाय धड असलेल्या पोरीला अपंग म्हणून लिवून घ्यायला मी येऊ? लोक तोंडात शेण घालतील." मानसिंगरावांनी डोक्यावर टोपी चढवली. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. त्यांचा नकार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्यांची लेक राजेश्वरी भिंतीला टेकून बसून होती. भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. सांगलीच्या डॉक्टरांनी तिला एडीएचडी असल्याचं सांगितलं होतं. मन एका जागी ठरत नाही, हातातलं काम हातातच विसरतं, आणि हे लहानपणापासूनचं असतं. तसा दाखला द्यायच्या आधी त्यांना उद्या तिच्या लहानपणाबद्दल घरातल्या मोठ्या माणसाशी बोलायचं होतं. दाखला मिळाला तर बँकेतले साहेब तिला काउंटरवरून उठवून आतलं शांत टेबल देणार होते. नाहीतर आणखी एक चूक, की नोकरी गेलीच.

"आळस हाय नुसता," मानसिंगराव म्हणाले. "लाईट आलीया. मोटर लावून येतो."

अंगणातूनच ते माघारी आले. भाकरी थापता थापता बनुबाईंनी नवऱ्याचा चष्मा पुढे केला. ते गेले, पुन्हा आले. बनुबाईंनी पिठाच्या हातानं मोबाईल दिला. मग ते उंबऱ्यात नुसतेच उभे राहिले. कशाला आलो, ते त्यांनाच आठवेना.

बनुबाईंनी पदराची गाठ सोडली आणि मोटरीच्या खोलीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. पदराला अजून दोन गाठी होत्या. राजेश्वरी त्या कित्येक वर्षं बघत आली होती, पण विचारलं आज.

"आई, ह्या कशाच्या गं?"

"एक ह्यांच्या गोळीची. एक मोटर बंद करायची."

"कधीपासनं?"

"फौजेतनं आल्यापासनं. तिथं शिट्टी व्हती, हितं मी हाय." बनुबाईंचा आवाज दमलेला होता. त्या नवऱ्याकडे वळल्या. "आवं, ह्या पोरीला सांगलीत गाठी मारायला कोण हाय? उद्या मी जाते. समदं सांगते डॉक्टरला. तिचंबी आन् तुमचंबी."

मानसिंगरावांनी हातातल्या किल्लीकडे बघितलं, मग पदराच्या उरलेल्या दोन गाठींकडे.

"किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

"सातच्या यष्टीनं."

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलाच्या टोकाला गाठ मारली आणि ते मळ्याकडे गेले.

बनुबाईंनी आपल्या पदरालाही एक मारून ठेवली.