गोडं पाणी

वाट एकदम वळली आणि समोरचं जंगल संपलं. कुंदन जागीच थांबला. मागून येणारी वर्षाली त्याच्या पाठीवर आदळता आदळता राहिली.

समोर काळ्या कड्यावरून पाणी पडत होतं. एक धार नाही, तीन. मधली सगळ्यात जाड, आणि ती निम्म्यात येईपर्यंत पाणी राहतच नव्हती, तिचा धूर होत होता. तो धूर सागाच्या झाडांवरून फिरून यांच्या तोंडावर येत होता. आवाज तर असा, की कानांआधी छातीला कळावा.

"अरे बाप," कुंदन म्हणाला. मग एकदम, "याले बंद कोन करते?"

"काय?"

"नाई, म्हनजे..." तो ओशाळला. "रातभर असंच वाहून जाते का हे?"

"रातभर, दिवसभर. दिवाळीपर्यंत." वर्षाली हसली. "धबधबा हाय तो. नळ नाई."

ती मोर्शीकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. कुंदन तिला पाहून गेला होता, पसंती झाल्यासारखीच होती. शेवटचा होकार देण्याआधी पोरापोरीने एकदा बोलून घ्यावं, म्हणून चिखलदऱ्याच्या जंगलातली ही पायपीट. सोबतीला आलेली वर्षालीची रागिणीवहिनी "गुडघे गेले माहे" म्हणत वरच्याच वळणावर दगडावर बसली होती. गुडघे ठणठणीत होते. वहिनी शहाणी होती.

कुंदनचं गाव मूर्तिजापूरच्या पलीकडे, पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात. तिथे विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारटच लागतं. 'पाण्यासारखा पैसा' हा शब्दप्रयोग ज्याने काढला तो त्या गावचा नसणार. अशा गावात पोरगी द्यायला कोणी धजत नाही. कुंदनची आधीची तीन स्थळं पाण्यात गेली ती अशी. म्हणून या चौथ्या वेळी शेषरावमामाने त्याला बजावलं होतं, "पान्याची गोठ काढूच नको. लगन झाल्यावर आपोआप समजते."

कुंदनने बूट काढले. घसरड्या दगडांवरून बसत, सरकत तो डोहाशी गेला आणि एका बारीक धारेखाली ओंजळ धरली. ती भरली, उतू गेली, आणि त्याने झटकन हात मागे घेतले. सांडलं म्हणून. मग उरलेलं पाणी तोंडाला लावलं.

"गोड हाय," तो म्हणाला.

"पानी हाय ते. मंग कसं असन?"

मान वर करून तो पाहत राहिला. एवढ्या उंचावरून, कोणी न मागता, कोणाची पाळी न बघता पाणी येतच होतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही. देवळात वाटते तशी थोडी भीती मात्र वाटली. इथे उभं राहून लपवाछपवी केली तर जीभ झडेल, असं त्याला वाटलं.

"एक सांगाचं हाय," तो म्हणाला.

"आँ? ऐकू नाई आलं!"

अशा गोष्टी हळू सांगायच्या असतात. पण धबधब्यापुढे इलाज नव्हता, म्हणून तो ओरडला, "आमच्या घरी गोडं पानी नाई! तुमचे बाबा घर पाह्याले आले, तवा पाजलं ते कॅनचं होतं! इकत आनलेलं! सैपाकही मायनं त्याच पान्यात केला! आमचं पानी खारं हाय!"

वहिनीलाही ऐकू गेलं असावं.

वर्षाली जवळ आली. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "आधी काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं का पोरी नाई म्हनतात."

"मंग आज काहून सांगून राह्यले?"

त्याने कड्याकडे हात केला. "याच्यासमोर नाई जमलं."

वर्षालीने वर पाहिलं. ती इथे पाच वेळा आली होती, शाळेबरोबर, मैत्रिणींबरोबर, पाहुण्यांबरोबर. पाचही वेळा तिने या कड्याकडे पाठ करून फोटो काढले होते. आज ती पहिल्यांदा धबधब्याकडे तोंड करून उभी होती. किती वेळ कोण जाणे. वरून पाणी कोसळत होतं, आणि ते पाणी आहे हे तिला जणू आत्ता कोणी सांगितलं होतं.

मग एकदम तिला हसू फुटलं. "म्हनूनच!"

"काय?"

"वरन! तुमचं घर पाहून आल्यावर बाबा म्हने, घर चांगलं, मानसं चांगली, पन वरन अळनी. बाईचा हात मिठाले आखडता दिसते."

कुंदनला क्षणभर उमजलं नाही. मग त्याने कपाळावर हात मारला. "मायचा हातच तसा बसला. आमच्या पान्यात मीठ असतेच ना, वरून चिमूटभरच टाका लागते. त्या दिवशी पानी बदललं, हात तोच राह्यला."

वर्षाली त्याच्या शेजारच्या दगडावर बसली आणि डोहात पाय सोडले. पाण्याचा धूर दोघांच्या केसांवर, पापण्यांवर बसत होता. तोंड पुसायचं कोणाच्याच ध्यानात नव्हतं.

"चार मानसाच्या वरनाले किती मीठ टाकतात तुमच्या इकडं?" तिने विचारलं.

"मले काय मालूम? मायले मालूम."

"मंग मायले सांगून ठेवा," ती म्हणाली, "मले चमच्याचा अंदाज हाय. चिमटीचा शिकवा लागन."