सात उभ्या रेघा

तेरणेकाठच्या शाळेत राघवेंद्रमास्तरांनी जाहीर केलं, की जगातली राज्यं फुटतील, पण सात वेळा एक ओळीनं मांडून होणारी संख्या, ११,११,१११, फुटणार नाही. तिला कशानंच भाग जात नाही. दोनशे तेहतीसपर्यंत त्यांनी स्वतः भाग देऊन पाहिला होता. पुढं कागद संपला होता.

साल अठ्ठेचाळीस. निजामाच्या अमलात शाळेतले आकडे उर्दू, आणि उर्दूतला एक म्हणजे नुसती उभी रेघ. निजामाविरुद्ध लढणाऱ्या टोळीच्या शोधात झालेल्या झडतीत मास्तरांच्या खिशात सात रेघांची चिठ्ठी सापडली.

"सात माणसं कुठं लपवली, मास्तर?" ठाण्याच्या अमीनानं विचारलं.

"माणसं नाहीत, साहेब. नुसते सात एक आहेत."

"म्हंजे सात जण. कबूल झालात!" अमीनानं कोरा कागद पुढं सरकवला. "सातांची नावं लिहा. न्हाय तर आजच गोळी."

तासाभरानं तो परत आला. कागद आकड्यांनी भरला होता आणि मास्तरांचा चेहरा पार उतरला होता.

"फुटली, साहेब."

"कोण, टोळी?" अमीन खुलला.

"संख्या. दोनशे एकोणचाळीसनं भाग गेला. बाकी शून्य."

"आन् नावं?"

"नावं नाहीत."

अमीनानं शिपायाला भिंतीकडं बोट दाखवलं. शेवटची इच्छा विचारायचा रिवाज होता, तोही त्यानं पाळला.

"शाळेच्या फळ्यावर त्या संख्येपुढं मी 'अविभाज्य' लिहून ठेवलंय," मास्तर म्हणाले. "त्यातला 'अ' तेवढा कुणाला तरी पुसायला सांगा."