भाऊंची तापट पिकअप

भाऊंची पिकअप थंड असली की गुणी बाळ. तापल्यावर उभी केली की मात्र बंद पडायची. दिसेल त्याच्यापाशी गाडी चालू ठेवून तासतास गप्पा हाणणाऱ्या भाऊंनी चारदा धक्का मारल्यावर वाटेत थांबणंच सोडलं. आता ते कामावरून थेट घरी येत.

मेकॅनिकने तिसऱ्यांदा बॉनेट उघडलं. "हवेच्या नळीची क्लिप पुन्हा ढिली. सारखी सुटायला ती काय माझी पँट आहे?" त्याने स्क्रू करकचून आवळला.

"आता नाही ना सुटणार?" भाऊंच्या शेजारच्या सीटवरून वहिनींनी काळजीने विचारलं.

"देवाच्या बापालाही नाही, वहिनी."

वहिनींनी मान डोलावली, आणि पर्समध्ये शिवणयंत्राचा छोटा स्क्रूड्रायव्हर आहे ना, ते हळूच चाचपून पाहिलं.