रोबोटचं कपाळ

रोबोटनं मान वाकवली, जोडापाशी आला, थबकला आणि पुन्हा मागं गेला. पडद्यावर परत तेच वाक्य उमटलं: सांधा सापडत नाही.

"काल तर सापडत होता," वेदांत म्हणाला.

"आज नवमी आहे. आज नाही रुसायचं त्यानं," त्याची आई खुर्चीतून म्हणाली. दमयंतीबाई पुण्याहून परदेशी, लेकाकडे फ्लॅट बुशला राहायला आल्या होत्या. खंडेनवमी म्हणून घरातल्या विळीपासून गाडीपर्यंत सगळ्याची पूजा झाली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ज्याच्यावर लेकाचं पोट आहे तो त्यानं बसवलेला रोबोट राहिलाच. मग नारळ आणि कुंकवाचा करंडा घेऊन त्या लेकाबरोबर माउंट वेलिंग्टनच्या या वर्कशॉपात हजर झाल्या.

समोर डोक्याच्या उंचीवर बॉयलरचा जाडजूड आडवा पाइप बसवलेला होता. त्याच्यात नळ्या तिरप्या शिरत होत्या, कुठली कमी तिरपी, कुठली जास्त. जोडाला एका अंगानं फट चिंचोळी, दुसऱ्या अंगानं फाकलेली. एकासारखा दुसरा नाही. इतकी वर्षं हे जोड सिओने हातानं वेल्ड करत आला होता. सिओने टोंगाचा, साठीला टेकलेला, रविवारी चर्चमध्ये खर्जात गाणारा. दमयंतीबाई एकदा हौसेनं ते गाणं ऐकायला गेल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, "कीर्तनच आहे रे. टाळ तेवढे नाहीत."

वर्कशॉपची मालकीण केरी हाताची घडी घालून उभी होती. आज पहिला जोड नीट उतरला तर रोबोट राहणार होता, आणि तो सिओने चालवणार होता. तिची अट एकच: मशीन मध्येच अडलं तर चालवणाऱ्याला पुढचं हातानं करता आलं पाहिजे.

सिओनेचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता. हे त्यानं एकट्या वेदांतला सांगितलं होतं. वेदांतनं ते जेवताना आईला सांगितलं होतं.

वेदांत रोबोटच्या तोंडाशी गेला. वेल्डिंग टॉर्चच्या शेजारी सांधा शोधणारा कॅमेरा होता, आणि त्याच्या काचेवर बरोब्बर मधोमध कुंकवाचा भलामोठा ठसा होता.

त्याच्या ध्यानात आलं. सकाळी तो नारळ फोडायला बाहेर गेला होता. तेवढ्यात आईनं करंडा सिओनेपुढं धरला असणार. हत्यार ज्याच्या हातात, पूजा त्याच्या हाताची, असं ती सकाळपासून म्हणत होती. आणि कुठं लावायचं ते आपल्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं असणार. पण रोबोटचं कपाळ होतं खूप उंच. सिओनेचा हात जिथवर पोचला तिथं ही काच होती.

"ते लाल काय आहे?" केरीनं विचारलं.

सिओनेनं उजवा हात खिशात घातला. तो बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात दमयंतीबाई उठल्या.

"मी," त्या म्हणाल्या. "आय पुट. सॉरी. आय ॲम शॉर्ट, ना." आणि आपली उंची दाखवायला त्यांनी स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवला.

केरीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग काचेकडं. ठसा अंगठ्याचा होता, चांगला रुंद. दमयंतीबाईंचा अंगठा भेंडीएवढा.

"स्वीट ॲज, हरकत नाही," केरी म्हणाली. "पुसून घ्या."

वेदांत काच पुसायला लागला. शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या आईला तो हळूच म्हणाला, "आई, सणाच्या दिवशी खोटं?"

"देवानं भक्ताच्या घरी कावडीनं पाणी वाहिलं. मी एक बोट वाहिलं तर काय झालं? कडेला राहिलंय बघ, नीट पूस."

सिओनेनं बटण दाबलं. या वेळी कॅमेऱ्याशेजारून निघालेली लाल प्रकाशरेघ जोडाभोवती सावकाश फिरून आली आणि पडद्यावर तिरपा, वेडावाकडा सांधा जसाच्या तसा उमटला. डोळे वाचवणारी काळी काच खाली आली, तिच्यामागं ठिणगी पेटली. चिंचोळ्या बाजूनं टॉर्च सरसर गेली. फाकलेल्या अंगाला आल्यावर तिनं चाल धीमी केली आणि एकेका जागी रेंगाळत, झुलत पुढं सरकू लागली, बुवा शेवटच्या ओळीवर रेंगाळतात तशी. सिओनेचे ओठ हलत होते. दमयंतीबाईंचा हात मांडीवर ठेका धरत होता.

जोड निवल्यावर केरी बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन त्याच्याभोवती फिरली. एकदा फिरली, पुन्हा उलटी फिरली.

"उद्या एक्स-रे काढू," ती म्हणाली. "पण मला आवडला."

मग ती सिओनेकडं वळली. "नंबर मार."

ज्यानं जोड केला त्यानं शेजारी आपला नंबर ठोकायचा, हा तिथला रिवाज.

"जोड ह्यानं केला," सिओनेनं रोबोटकडं मान हलवली.

"त्याला नंबर नसतो. चालवणाऱ्याचा मारायचा."

सिओनेनं खिशातून आपला पोलादी छाप काढला. हातोडा डाव्या हातात घेतला. आता छाप उजव्या हातानं वर, डोक्याच्या उंचीवर धरायला हवा होता. हात छातीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. सगळं वर्कशॉप बघत होतं.

वेदांत पुढं झाला, पण केरी त्याच्या आधी पोचली होती. तिनं सिओनेच्या बोटांतून छाप काढून घेतला, टाचा उंचावून जोडाच्या कडेला टेकवला, घट्ट धरला आणि चेहरा बाजूला वळवला.

"डाव्यानंच मार," ती म्हणाली. "आणि माझी बोटं सांभाळ."