नरहररावांचा सापळा

“मी ती बढती घेत नाहीये,” परीक्षित पोहे खाता खाता म्हणाला.

चहा ओतता ओतता सिंधूताई थांबल्या. नरहररावांनी पेपर बाजूला ठेवला आणि चष्मा चढवला. समोरचा माणूस हाती आलेलं आपणहून सोडायला लागला, की त्यांचा संशय जागा व्हायचा. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात, दक्षता विभागात, त्यांनी उभा जन्म काढला होता. लाचखोरांना सापळे लावले, पावडर लावलेल्या नोटांसकट पकडले. निवृत्त होऊन बाग सेवनियाच्या घरात येऊन बसल्यापासून पकडायला कुणी उरलं नव्हतं. उरला होता एकुलता एक मुलगा, आणि तो क्रिप्टोत.

आता परीक्षित काही स्वतः जुगार खेळत नव्हता. क्रिप्टोची खरेदी-विक्री चालवणाऱ्या एका कंपनीत तो संशयास्पद खाती शोधून गोठवायचा. काम घरूनच. दार लावून, हळू आवाजात. “मी याच क्षेत्रात रिटायर होणार, बाबा,” असं तो म्हणायचा. “तुझ्या आधी ते क्षेत्रच रिटायर होईल,” असं उत्तर ठरलेलं. खरं तर बापलेकांचा धंदा एकच होता, पण हे नरहररावांना सांगणार कोण? त्यांना एवढंच दिसायचं, की पोराच्या बोटावर लोकांची खाती उघडतात आणि बंद होतात. अशा खुर्चीत बसून हात स्वच्छ ठेवलेली माणसं त्यांनी फार थोडी पाहिली होती. आपलं पोरही लाचखोर निघालं तर, या भीतीनं ते आतून पोखरले होते.

म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात वसंतरावांना गाठलं. कारखान्यातल्या कितीतरी सापळ्यांत लाच द्यायला पुढे व्हायचे ते हेच वसंतराव. मेथी निवडून घेता घेता बेत ठरला. वसंतरावांनी भाच्याचं जास्तीचं सिम घातलं, तोंडावर रुमाल धरला आणि नरहररावांच्या देखत फोन लावला.

“भाई साब, मेरे भांजे का खाता आपने रोक रखा है. खुलवा दीजिए, हम आपका पूरा खयाल रखेंगे.”

पलीकडून परीक्षितचा आवाज आला, “दोबारा फोन मत कीजिएगा.” आणि फोन बंद झाला.

“पोरगा बावनकशी आहे, नरहर. आता तरी सोड,” वसंतराव म्हणाले.

नरहरराव सोडणाऱ्यातले नव्हते. लाच नाकारणं ही त्यांच्या लेखी अर्धीच परीक्षा. स्वच्छ माणूस तिथेच थांबत नाही, वर तक्रार करतो. ते वाट बघत राहिले. वसंतरावांना ना कंपनीचा फोन आला, ना पोलिसांचा. म्हणजे पोरानं प्रकरण दडपलं. कशासाठी? पुढच्या वेळी भाव वाढवून मिळेल म्हणून? पोराच्या नव्या बुटांकडेही ते वाकड्या नजरेनं बघायला लागले.

आणि आता हे. कंपनी त्याला अख्ख्या तपास विभागाचा प्रमुख करत होती, आणि हा नको म्हणत होता.

“का नको?” त्यांनी विचारलं.

“नाही जमणार, बाबा.”

“अहो, खाऊ द्या ना त्याला,” सिंधूताई मध्ये पडल्या.

“थांब गं. परीक्षित, गेल्या महिन्यात तुला एक फोन आला होता. भाच्याचं खातं सोडवायला. वर कळवलंस?”

परीक्षितनं मान खाली घातली. “नाही.”

“दडपलंस!” नरहररावांनी टेबलावर हात आपटला. “अरे, जन्मभर मी हेच बघत आलो. वर चढायची वेळ आली की जुनी प्रकरणं बाहेर येतात, म्हणून चोर बढती सोडतो. माझ्या घरात...” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

परीक्षित चिडला नाही. त्यानं बशी बाजूला सरकवली.

“त्या जागेवर बसण्याआधी शपथेवर सांगावं लागतं, बाबा. आजवर आपल्याला कुणी लाच देऊ केली, आणि त्याच्या मागे कोण होतं. वसंतकाकांचा आवाज मी पहिल्याच वाक्याला ओळखला, आणि त्यांना फोन करायला कोणी लावलं असेल तेही. सांगा, तुमचं नाव देऊ?”