शेल्याचं ओलं टोक

चाळीस वर्षं नवऱ्या नटवतेय मी, पण असला आगाऊ शेला कधी पाहिला नाही. तीनदा वाळवला, तीनदा टोक ओलंच. हुंगून पाहिलं, तर तळ्यातल्या गाळाचा वास.

"कुणी भिजवला गं?" मी खेकसले.

"मी खुर्चीतून हललेय का, मावशी?" माझी भाची मालिस म्हणाली. आज तिचंच लग्न. "तुझ्याच हाताला घाम आला असेल."

"माझ्या घामाला शेवाळ धरतं होय गं, भवाने?"

आम्हां कंबोडियातल्या ख्मेर लोकांत नवरीच्या शेल्याचं टोक धरूनच नवरा आतल्या खोलीत जातो. आमची पहिली राणी नागकन्या. पहिला राजा तिचा शेला धरून पाण्याखालच्या महालात गेला, त्याची ही आठवण. टोक सुटलं तर लग्न मोडलं म्हणायचं. म्हणून सकाळपासून मी नवऱ्या मुलाला, विरकला, बजावत होते, "काही झालं तरी सोडू नकोस रे बाबा."

वैतागून शेला चौथ्यांदा उन्हात टाकला आणि मालिसच्या अंबाड्याला हात घातला. तेवढ्यात बाहेर वाजंत्री सुरू! नवरी अजून खुर्चीत, आणि यांना घाई.

"थांबा रे, मेल्यांनो!" म्हणत मी पडदा सारला.

विरक समोर आतल्या खोलीच्या दारात होता. दोन्ही मुठींत शेल्याचं टोक. पुढचा शेला आतल्या अंधारात ताणलेला, त्यातून पाणी निथळतंय.

"सोड, विरक! सोड तो!"

माझ्या मागून मालिस विचारत होती, "मावशी, वाळला का गं शेला?"

"नाही सोडणार, मावशी," विरक हसून म्हणाला आणि एकेक पायरी खाली उतरत गेला.

त्या खोलीला पायऱ्याच नाहीत.